अंधारबावीतली बाई

महाराजांच्या राज्यात कोल्हापुरात सगळ्यांत जास्त खून कुणी केले असतील, तर ते आमच्या आत्येसासूबाईंनी. कचेरीत याची नोंद सापडायची नाही. एक तर हे सगळे खून आमच्या परसात, भर दुपारी, शेवया वळता वळता व्हायचे, आणि दुसरं म्हणजे मेलेल्यांपैकी एकही माणूस कधी जन्मालाच आलेला नसायचा. तरी मारण्यात कसूर नसे. शेल्याने गळा आवळून, रांजणात डोकं बुडवून, बुरुजावरून ढकलून, भिंतीत चिणून त्यांनी सरदार मारले, दिवाण मारले, आणि एकदा तर एक अख्खं वऱ्हाड नावेसकट नदीत घातलं, कारण मध्ये त्यांचं डोकं दुखत होतं आणि गोष्टीत माणसं फार झाली होती. हीच बाई अंगणातून चालताना पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून वाकून चालायची. स्वयंपाकघरात झुरळ निघालं की पाटावर चढून मला हाका मारायची, आणि मी केरसुणी उचलली की पाटावरूनच सांगायची, "मारू नको गं पोरी, नुसतं हुसकून लाव. त्याला बी घरदार आसंल."

नात्याने त्या माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. लहानपणी कोडोलीत लग्न झालं, लहानपणीच कुंकू गेलं, आणि भावाच्या घरी परत आल्या त्या कायमच्या. पुढे भाऊ-भावजय गेले आणि घरात माझे यजमान, मी आणि आत्याबाई एवढेच उरलो. अंगावर सोवळ्या विधवेचं लाल आलवण, हातात तपकिरीची डबी, बुटक्या, गोल, आणि आवाज असा की त्यांनी परसातून मला हाक मारली तर महाद्वारावरची माणसं वळून बघतील. माझं माहेर साताऱ्याकडचं. तिथे बायका कुजबुजत बोलतात, निदान माझ्या माहेरच्या तरी. लग्न होऊन आले त्या पहिल्याच दिवशी आत्याबाईंनी मला समोर बसवून विचारलं, "पोरी, तुला भ्या वाटतंय का कशाचं?" मी लाजून नाही म्हणाले. "मग कसं व्हायचं?" म्हणून त्या खरोखरच काळजीत पडल्या. ज्याला भीती वाटत नाही अशा माणसाला गोष्ट सांगण्यात काय अर्थ, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी काळजी करायला नको होती. आठ दिवसांत मी एकटी न्हाणीघरात जाईनाशी झाले.

जगाकडे बघण्याची त्यांची एक दृष्टी होती, आणि ती दृष्टी सतत मुडदा कुठे लपेल हे शोधत असायची. गल्लीच्या टोकाला एका वकिलांनी नवं घर बांधलं. वास्तुशांतीनंतर सगळ्या बायका बघायला गेल्या. कुणी सागवानाला हात लावून बघितला, कुणी देव्हारा वाखाणला. आत्याबाई सरळ मागे गेल्या, आडात वाकून बघितलं, आणि घरच्या बाईंना म्हणाल्या, "आड चांगला हाय. पण काठ लई उंच बांधलायसा. ढकलायचं झालं तर दोघं लागतील." त्या बिचाऱ्यांनी पुढे कित्येक महिने दिराला आडाजवळ एकटं जाऊ दिलं नाही. एकदा दारावर पाटे-वरवंटे विकणारा आला. आत्याबाईंनी एकेक वरवंटा उचलून डोक्याच्या उंचीपर्यंत नेऊन बघायला सुरुवात केली. तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आत्याबाई, चटणीच वाटायची हाय न्हवं?" "चटणी बी वाटू की," आत्याबाई म्हणाल्या. त्याने तो वरवंटा त्यांना देऊन लगेच गाशा गुंडाळला. विषावर मात्र त्यांचा राग होता. विष घालणारी बाई त्यांना आळशी वाटायची. "भाकरीत कालवलं आणि झोपली. त्यात काय डोकं लागतंय?" आणखी एक नियम होता, तो म्हणजे एकादशीला खून वर्ज्य. त्या दिवशी त्या नुसती बायकांची गुपितं सांगायच्या. गल्लीतल्या बायकांना एकादशी खुनापेक्षा जास्त आवडायची.

दुपारची जेवणं आटोपली की आमच्या परसात बायका जमायच्या. कुणी तांदूळ निवडायला घेऊन यायची, कुणी वाती वळायला. आत्याबाई पायरीवर बसायच्या आणि पन्हाळ्याची गोष्ट सुरू व्हायची. माझे यजमान शाळेत मास्तर होते. ते हिला कादंबरी म्हणायचे आणि आत्याबाई 'आमचं ते प्रकरण' म्हणायच्या. ही गोष्ट मी लग्न होऊन येण्याआधी सुरू झाली होती, आणि मी आले तेव्हा बायकांनी मागचं सगळं मला तीन-चार दुपारी घाईघाईने सांगून टाकलं. ते असं : आदिलशाहीच्या काळात पन्हाळ्यावर एक किल्लेदार होता. एका सकाळी तो अंधारबावीत, म्हणजे गडावरच्या पायऱ्यांच्या मजली विहिरीत, अगदी तळच्या खोलीत मरून पडलेला सापडला. अंगावर जखम नाही, कपडे कोरडे, आणि उजव्या मुठीत एक नथ. किल्लेदाराच्या घरात सात बायका. आई, थोरली बायको, धाकटी बायको, विधवा बहीण, स्वयंपाकीण, दाई, आणि पडद्याआड राहणारी एक बाई, जिचं नाव कुणी घेत नसे. सातांपैकी ज्यांना नथ घालायचा अधिकार होता त्यांच्या नथी जागेवर होत्या. मग ही नथ कुणाची? आणि प्रत्येकीच्या पोटात एकेक गुपित असं, की ते बाहेर पडलं तर तीच गुन्हेगार वाटावी. आत्याबाई एकेक गुपित उलगडायच्या आणि आदल्या महिन्यात जिच्या नावाने आम्ही बोटं मोडली होती तिच्यासाठी आम्हाला रडायला लावायच्या. ऐन घटकेला, दार उघडतंय, दिवा विझतोय अशा वेळी, त्यांना तपकिरीची आठवण व्हायची. डबी उघडायची, चिमूट घ्यायची, आणि मग शिंक येईपर्यंत सगळा पन्हाळा ताटकळत उभा. शिंक आली की त्या उठायच्या. "उरलेलं उद्या."

या श्रोत्यांत आडाच्या पलीकडे, डाळिंबाच्या सावलीत बसणारी एक मणेरीण होती. आम्ही सगळ्या तिला चाची म्हणायचो. बांगड्यांची टोपली घेऊन ती गावभर हिंडायची, आणि नुसतं गावच नाही, पार कोडोली-मुरगूडपर्यंत जायची. आमच्याकडे आली की बांगड्या भरून झाल्यावरही ती हलायची नाही. इथे ऐकलेलं प्रकरण पुढच्या गल्लीत बांगड्या भरता भरता सांगायचं हा तिचा रिवाजच होता. हात दाबून बांगडी चढवताना बायका कळवळतात, त्या वेळी त्यांना गोष्टीत गुंतवून ठेवलं की बांगडी फुटत नाही, असं ती म्हणायची. त्यामुळे आत्याबाईंनी सोमवारी केलेला खून शुक्रवारपर्यंत अर्ध्या कोल्हापूरला ठाऊक असायचा. यजमानांनी एकदा कादंबरी लिहून काढून छापखान्यात द्यायची गोष्ट काढली, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "छापून किती जणी वाचतील? आमची चाची हाय की."

आता गोदूचं सांगते. आमच्या भिंतीला भिंत लागून तात्यांचं घर होतं. तात्या दरबारच्या दप्तरात कारकून, बायको मागेच गेलेली, एकुलता एक मुलगा. प्लेगाच्या साथीत सगळं गाव माळावर झोपड्या घालून राहिलं तेव्हा तो मुलगा गेला. गोदू ही त्याची बायको, तेव्हा पंधरा वर्षांची असेल. तात्यांच्या घरात ती एकटीच बाईमाणूस. स्वयंपाक करायची, पाणी भरायची, आणि दुपारी भिंतीतल्या दिंडीतून, त्या लहानशा दारातून, आमच्या परसात येऊन सगळ्यांच्या मागे बसायची. हसरी पोर होती, ती आता हसताना तोंडावर हात ठेवायला लागली होती. तिचे केस लांब नव्हते, पण दाट होते, आणि इतके कुरळे की पदराखाली राहायचे नाहीत. कानामागून एक बट बाहेर यायचीच. ती बट आत खोचत खोचत ती किल्लेदाराची गोष्ट ऐकायची.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसे तात्यांचे भाऊबंद येऊन बसायला लागले. सोवळी न केलेल्या विधवेच्या हातचं पितरांना चालत नाही, वर्षश्राद्धाला आम्ही पंगतीला बसणार नाही, असं त्यांनी तात्यांना सांगितलं. तात्या वाईट माणूस नव्हते. नुसते घाबरट होते, साहेबाला, उपाध्यांना, भाऊबंदांना, सगळ्यांना. त्यांनी मान हलवली. श्राद्धाच्या आदल्या दिवशी न्हावी बोलवायचा आणि गोदूचे केस उतरवायचे असं ठरलं. हे गोदूनेच येऊन आम्हाला सांगितलं, पालक निवडता निवडता, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगते आहे. सांगून झाल्यावर ती पालकाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आत्याबाई, दुखतं का हो?" आत्याबाईंनी डबी काढली, ती उघडलीच नाही, पुन्हा कनवटीला लावली. "आज गोष्ट कुठवर आलीती गं?" एवढंच त्यांनी विचारलं.

आणि त्या दुपारी पन्हाळ्याच्या प्रकरणात पहिल्यांदाच न्हावी आला. आजवर आत्याबाई गोष्ट सांगायच्या ती गल्लीला ऐकू जाईल अशी. त्या दिवशी त्यांनी आवाज खाली आणला, आणि आम्ही सगळ्या पुढे सरकलो. किल्लेदाराची धाकटी बायको गोदूच्याच वयाची. नथ तिची नाही, खून तिने केला नाही, तरी संशय तिच्यावर. तिला सोवळी करायचं ठरलं. हे काम चारचौघांत करत नाहीत, म्हणून न्हाव्याला आणि तिला अंधारबावीच्या पायऱ्यांनी खाली नेलं. "त्येनं वस्तरा पाजळला," आत्याबाई म्हणाल्या, "तिच्या डोस्क्याला लावला. केस काय कापंना. पुन्हा लावला. कापंना. तिसऱ्यांदा लावला तवा त्येचा हातच हालंना. मनगटापासनं खाली वाळत गेला, शेवग्याची शेंग वाळती तसा. त्यो वरडत वर आला. ती पोरगी खालीच ऱ्हायली. अजून हाय. आणि ज्या पोरीला तिच्या मनाविरुद्ध बसीवलीया, तिच्या केसाला जो हात लावंल, त्येचा हात ती सोडत न्हाय." मग त्यांनी तपकीर घेतली. शिंक आली नाही. चाची टोपली उचलून निघाली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते, आणि त्या दिवशी तिने रोजच्यासारखं "येते बाई" म्हटलं नाही.

नंतर मी विचारलं, "आत्याबाई, न्हावी मुद्दाम घातलात का?" त्यांनी माझ्याकडे निरागसपणे बघितलं. "आता घरात येवढा खून झालाय, न्हावी नको व्हय? मयताची दाढी कोन करणार?"

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी तात्यांनी आमच्या गल्लीच्या न्हाव्याला बोलावणं पाठवलं. तो म्हातारा होता, तात्यांची मुंजीपासूनची हजामत त्याने केली होती. त्याने निरोप पाठवला की डोळ्याला दिसत नाही. त्याच सकाळी त्याने आमच्या यजमानांची दाढी केली होती आणि कुठे ओरखडा नव्हता. तात्यांनी दुसऱ्या पेठेतला बोलावला. त्याच्या पोटात दुखायला लागलं. तिसऱ्याची बायको दारातच येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तात्या, माझं कुंकू हाय त्ये. त्येच्या हातावर घर चालतंय. तुमच्या पाया पडते, दुसरा बघा." चाचीने या तिन्ही घरांत बांगड्या भरल्या होत्या. शेवटी तात्यांनी कोडोलीहून एक न्हावी आणवला. त्याला या गावचं काही ठाऊक नसणार असा त्यांचा हिशेब. तो आला, ओट्यावर बसला, गूळ-पाणी घेतलं, आणि हळूच विचारलं, "पावणं, ही अंधारबावीतली न्हवं न्हवं? न्हाय, आमच्याकडंबी सांगालेत." आणि उत्तराची वाट न बघता धोकटी काखोटीला मारून तो चालता झाला. मी दिंडीच्या फटीतून बघत होते. गोदू आत चुलीपाशी बसली होती, गुडघ्यात डोकं घालून. ती रडते आहे असं मला वाटलं. खांदे हलत होते. मान वर केली तेव्हा कळलं की ती हसते आहे, आणि या वेळी तोंडावर हात नव्हता.

श्राद्ध झालं, पण भाऊबंद जेवले नाहीत. केळीची पानं तशीच राहिली. संध्याकाळी तात्या आमच्या परसात आले. या माणसाला मी तोवर कधी रागावलेलं बघितलं नव्हतं, आणि रागावणं त्यांना नीट जमतही नव्हतं. "आत्याबाई," ते म्हणाले, "तुमच्या गोष्टीपायी माझ्या पितरांची पंगत मोडली. हे सगळं खोटं आहे हे तुम्हालाही ठाऊक आहे." "मी कदी म्हणलं खरं हाय?" आत्याबाई शांतपणे शेवया चाळणीवर पसरत होत्या. "मग तसं सांगा सगळ्यांना." "सांगते की. पन माझं ऐकंल कोन? म्हातारी बाई मी, दिवसभर बडबडत असते." तात्या जायला वळले आणि पुन्हा मागे फिरले. मग म्हणाले, "मी स्वतः जातो पन्हाळ्याला. अंधारबावीत उतरतो. तिथे काही नाही हे माझ्या डोळ्यांनी बघतो आणि चार पंचांसमोर सांगतो. मग तर न्हावी येतील?" आत्याबाईंचा हात शेवयांवर थांबला. "जावा की," त्या म्हणाल्या, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. का ते मला माहीत होतं. अंधारबावीत पाणी आहे, वटवाघळं आहेत आणि पायऱ्या आहेत. दुसरं काही नाही. तात्या परत आले की गोष्ट संपणार, आणि गोष्ट संपली की गोदूचे केस जाणार. त्या दिवशी आत्याबाई जेवल्या नाहीत. एकादशी नव्हती.

चैत्राचे दिवस होते. जोतिबाची यात्रा नुकतीच होऊन गेली होती. तात्या सुट्टी घेऊन पहाटे निघाले. दुसऱ्या दिवशी ते परतायचे होते, आणि त्या दिवशी दुपारी आत्याबाईंनी गोष्ट सांगितलीच नाही. बायका नुसत्या बसून राहिल्या. गोदू तर आलीच नाही. ऊन उतरायला लागलं तेव्हा तात्या घरी न जाता थेट आमच्या परसात आले. पायांवर धूळ, कपाळावर गुलाल, आणि हातात रुमालाची लहानशी पुरचुंडी. त्यांनी ती आत्याबाईंच्या समोर पायरीवर ठेवली आणि उघडली. आत हळद-कुंकू होतं.

"प्रसाद," तात्या म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते असं. अंधारबावीशी ते पोचले तेव्हा तिथे माणसं होती. जोतिबाहून परतणारे यात्रेकरू वाट वाकडी करून पन्हाळ्यावर आले होते. पायऱ्यांच्या तोंडाशी एक दगड हळद-कुंकवाने माखलेला होता, त्याच्यापुढे हिरव्या बांगड्यांची रास, खण, नारळ, दवणा. एक म्हातारी तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत होती की इथली बाई लेकीबाळींना सांभाळते. तात्या पायऱ्या उतरायला आले होते. त्यांनी पायातले जोडे काढले, नमस्कार केला, आणि परत फिरले. "ज्या दगडाला चार सवाष्णींनी हळद-कुंकू वाहिलंय तो खोटा म्हणून मी कसा सांगू?" ते म्हणाले. "माझी जीभ झडेल." आणि मग, अगदी हलक्या आवाजात, पण चेहरा असा काही मोकळा झाला होता की काय सांगू, ते म्हणाले, "भाऊबंदांना सांगतो, देवीनं अडवलंय. तिच्यापुढे माझं काय चालणार?" आयुष्यभर भाऊबंदांना भ्यालेल्या त्या माणसाला आता त्यांच्याहून मोठं भ्यायला मिळालं होतं, आणि तो सुखी झाला होता. भाऊबंदांपैकी दोघे पुढे कुरकुरले, पण न्हाव्याला धरून आणायला त्यांच्यातलंही कुणी तयार नव्हतं. शेवटी दुसऱ्या वर्षी सगळे येऊन जेवले. गोदूच्या हातची पुरणपोळी फार दिवस नाकारता येण्यासारखी नव्हतीच.

तात्या गेल्यावर आत्याबाई बराच वेळ त्या हळद-कुंकवाकडे बघत होत्या. "पोरी," त्या मला म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा खरंच उतरलेला होता, "तिथं खरंच कोन हाय काय गं? मी तर आपलं उगंच सांगिटलंतं." हे कोडं पुढे चाचीनेच सोडवलं. पन्हाळ्यावरच्या दर्ग्याला ती दर वर्षी जायची. या खेपेला अंधारबावीवरून जाताना तिला ती खाली राहिलेली पोरगी आठवली आणि तिचा जीव गलबलला. टोपलीतल्या डझनभर हिरव्या बांगड्या काढून तिने पायरीवर ठेवल्या. "माझ्याकडं दुसरं काय हाय द्यायला?" चाची म्हणाली. "इतक्या लहान वयात हात रिकामे, बरं न्हाय दिसत." पाठोपाठ यात्रेच्या बायका आल्या. बांगड्या वाहिलेल्या दिसल्या म्हणजे देवी असणारच, आणि देवी आहे म्हणजे हळद-कुंकू हवंच. पुढचं सगळं त्यांनी केलं. कुणीच लबाडी केली नव्हती. आत्याबाईंनी हे ऐकलं आणि आडाकडे तोंड करून बसल्या. मग म्हणाल्या, "चाची, पुढच्या बारीला माझ्याकडनंबी एक खण ने." आणि त्या दिवसापासून पन्हाळ्याचं नाव काढलं की हात जोडायच्या, गोष्ट स्वतःच रचलेली असूनसुद्धा.

यानंतरही प्रकरण चालूच राहिलं. बायका मागे लागायच्या, आता सांगून टाका नथ कुणाची ते. आत्याबाई आणखी एक तळघर उघडायच्या, आणखी एक दाई आणायच्या, पण शेवटाकडे जायच्या नाहीत. एकदा दोघीच असताना मी हट्टच धरला. त्या म्हणाल्या, "संपीवलं की लोकांना वाटंल गोष्टच हुती. आणि गावात अजून पोरी हायत की." त्या होत्याच. पलीकडच्या गल्लीत एक होती, आणि न्हाव्यांची पोटं तिथेही दुखली. मला आत्याबाई आवडायच्या त्या पहिल्यापासून, पण त्या दिवशी मी वाकून त्यांच्या पाया पडले. "काय झालं तुला मधेच?" म्हणून त्या माझ्यावरच खेकसल्या.

गोदू यजमानांकडे शिकायला बसू लागली. तात्यांनी हरकत घेतली नाही. अंधारबावीच्या बाईला शिकणं आवडत नाही असं कुणी सांगितलं नव्हतं, एवढाच त्यांचा युक्तिवाद. पोर हुशार निघाली. महाराजांच्या राज्यात ठिकठिकाणी मुलींच्या शाळा निघत होत्या आणि मास्तरणी मिळत नव्हत्या. काही वर्षांनी मुरगूडच्या शाळेत तिची नेमणूक झाली. निघायच्या दिवशी सकाळी ती न्हाली आणि ओले केस पाठीवर सोडून आत्याबाईंना नमस्कार करायला आली. दारात दमणी उभी होती, बैल शिंगं हलवत होते, तात्या सामान मोजत होते. आत्याबाई म्हणाल्या, "इकडं ये. बस." गोदू त्यांच्या पुढ्यात पायरीवर बसली, आणि आत्याबाईंनी मला फणी आणायला सांगितली. त्यांना फणी मागताना मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी गोदूचे केस हातात घेतले, थोडा वेळ नुसतेच धरून ठेवले, आणि मग विंचरायला लागल्या. विंचरून झाल्यावर त्यांनी केसांचे तीन पेड केले आणि वेणी घालायला घेतली. शाळेत जाणाऱ्या लहान पोरींची घालतात तशी, घट्ट, मानेपासून. वेणी एका अंगाला वळत होती. मी म्हणाले, "आत्याबाई, ती आता मास्तरीण आहे. अंबाडा घाला की."

"मला अंबाडा येत न्हाय गं," त्या म्हणाल्या. "अंबाड्याचं वय व्हायच्या आधीच माझं सगळं झालं. मला वेणीच येती."

गोदू हलली नाही. त्यांनी वेणी पुरी केली, टोकाला आलवणाची एक चिंधी फाडून बांधली, आणि पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "जा आता." गोदू तशीच दमणीत जाऊन बसली, लहान मुलीसारखी वाकडी वेणी घालून, मुरगूडच्या मुलींना शिकवायला. वाटेत ती सोडून अंबाडा बांधता आला असता. पुढे ती मला म्हणाली की मुरगूडला पोचून निजेपर्यंत तिने वेणीला हात लावला नाही. दमणी वळणावरून दिसेनाशी झाली तरी आत्याबाई पायरीवर बसून होत्या, फणी अजून हातात. दुपारी बायका तांदूळ, वाती घेऊन आल्या. त्या दिवशी गोष्ट झाली नाही, आणि कुणी मागितलीही नाही.